विहिरीपर्यंतची पाखाडी

वाडीतील समस्त मांजरवर्गास, तसेच खालच्या वाडीतून आणि समुद्राकडच्या बाजूने नियमित येणाऱ्या पाहुण्या बोक्यांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, नानांच्या परसातील मोरी माशाच्या तेलाचा कारखाना कायमचा बंद झाला आहे. मालक गेले. तरी यापुढे कोणीही पहाटे परसात सभा भरवू नये, ओल्या सिमेंटवर बसू नये आणि उरलेल्या डब्यावर हक्क सांगू नये. डबा माझ्याकडे आहे.

नाना, जाहीर निवेदन झालं. आता तुमच्याशी बोलतो.

तुम्ही बोटीवर खलाशांचे सारंग होतात, कुठकुठली बंदरं बघितलीत, हे सगळं बाकीचे लिहितील. पेपरात चौकट आलीच आहे. त्यातल्या फोटोत तुम्ही इतके सज्जन दिसता की मी शेजारी असून मला खाली नाव वाचून खात्री करावी लागली. पुढे छापलंय, 'मनमिळाऊ'. मनमिळाऊ! माझ्याशी भांडल्याशिवाय तुमच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. आणि आता सकाळी माझा चहा उतरत नाही, हे मी कोणाला सांगू? भांडायला येतं कोण?

शेवटचं भांडण आठवतं ना? पाखाडीचं. ते सुरू मी केलं होतं हे मान्य. तुमच्या मागच्या पायरीपासून उतारावरून, फणसाला वळसा घालून खाली विहिरीपर्यंत जाणारी ती वाट. श्रावणात तिच्यावर शेवाळ असं चढायचं की माणूस निघायचा पायरीवरून आणि पोचायचा थेट पोफळीच्या बुंध्याशी, तोही बसून. गावात सगळ्यांनी जांभ्याचे चिरे लावून पाखाड्या केल्या, तुम्ही तेवढे राहिला होतात. म्हणून मी तुम्हाला मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. कुठलासा गोरा माणूस जमिनीवर काळा प्लॅस्टिकचा साचा ठेवतो, त्यात काँक्रीट भरतो, थापीने सारखं करतो, साचा उचलतो आणि खाली दगडांची फरसबंदी तयार. जणू जमिनीला टाळी दिली आणि तिने दिली परत.

"परत लाव," तुम्ही म्हणालात.

मी परत लावला. मग परत. माझी बॅटरी संपेपर्यंत तुम्ही तो गोरा माणूस राबवून घेतलात आणि म्हणालात, "हे आपण करायचं."

"नाना, गवंडी बोलवू या की सरळ."

"गवंडी कशास? गवंडी त्याच्या मापाने वाट बांधतो. मला आमच्या मापाची हवी."

मी मापाचा अर्थ विचारला नाही. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला छंद लागतो. कोणी बोनसाय करतो, तुम्ही वाट करणार.

साचा आला. तुम्ही तो उलटा-सुलटा करून बघितलात, वास घेतलात, आणि म्हणालात, "हलका आहे. बेभरवशी." तरी आपण घमेल्यात सिमेंट, रेती, खडी कालवली, साचा भरला, आणि मी नाटकातल्या राजासारखा हात वर करून साचा उचलला. साचा वर आला. त्याच्याबरोबर अर्धी फरशीही वर आली. उरलेली अर्धी जमिनीवर अशी पडली होती की तिच्याकडे बघून बोलवेना.

"तेल लावायला हवं होतं," मी म्हटलं. "गाडीचं जळकं ऑइल आणतो."

"अनवाणी चालायच्या वाटेला जळकं ऑइल? शरम नाय वाटत?" तुम्ही कडाडलात. "होडीच्या बुडाला काय लावतात? मोरीचं तेल! समुद्र तिथे चिकटत नाय, तुझं सिमेंट कुठलं चिकटायला!"

तर माझ्या स्कूटरवरून आपण मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर गेलो. येताना डबा तुमच्या मांडीवर होता आणि झाकण सैल होतं. वाटेत एसटीच्या खिडक्या पटापट बंद होत होत्या. घरी पोचलो तर माझी बायको वैशाली दारात हात आडवा धरून उभी. "आज आत एक तर तुम्ही याल, नाहीतर हा वास येईल. दोघे नाही." तिने मला परसात उभं करून बादलीने आंघोळ घातली, आणि तुम्ही आपल्या दोन परसांमधल्या गडग्यापलीकडून सूचना देत होतात. "वैशाली, कानामागे घास गो!"

पण साचा सुटला. काय सुटला, नाना! लोण्यातून सुरी निघावी तसा. फरशांची अख्खी ओळ जमिनीवर झाली आणि तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभे राहिलात. तेवढा अभिमान मी तुमच्या चेहऱ्यावर नातू झाला तेव्हाही बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरं. मोरीचा वास लागल्यावर मांजरांनी घरी बसावं ही अपेक्षा फक्त आपल्यासारखी दोन शहाणी माणसं ठेवू शकतात. ओल्या काँक्रीटवर एवढे पंजे उमटले होते की वाटावं, इथे रात्रभर लग्न होतं. एक बोका तर मधोमध झोपून गेला होता. त्याच्या पोटाचा ठसा आजही तिथे आहे, जरा ढेरपोट्याच होता.

मी कान झाकायच्या तयारीत होतो. सात समुद्रांवर शिकलेल्या शिव्या आता या उतारावर एकदम सुटणार, असं मला वाटलं होतं. कसलं काय! तुम्ही वाकलात, चपला काढल्यात आणि त्या ठशांवर अनवाणी उभे राहिलात. डोळे मिटलेत. पाऊल सावकाश पुढे सरकवलंत, मागे आणलंत.

"दिगू, चपला काढ."

"नाना, माझ्या पायाला..."

"काढ मेल्या! आणि डोळे मीट. काय लागतंय?"

"मांजर लागतंय."

"कुठल्या बाजूस गेलं?"

मी हसलो. तुम्ही नाही हसलात. पायाच्या अंगठ्याने त्या खळग्यांवरून हात फिरवल्यासारखं करत होतात आणि म्हणालात, "खाली गेलं. विहिरीकडे."

मी डोळे उघडून बघितलं. खाली गेलं होतं.

त्या दिवशी माझा साचा खुंटीला टांगला गेला. राग आला मला, खरं सांगतो. हौसेने मागवलेला साचा. तुम्ही गोदामातल्या जुन्या पेटीच्या फळ्या काढल्यात आणि स्वतः चौकोनी साचे ठोकायला बसलात.

"यातले दगड सारखे येतात," मी भांडलो. "सारखी वाट, सुबक वाट. वाईट काय त्यात?"

"सारखी येते हेच वाईट."

मग सुरू झाले तुमचे प्रयोग. साच्याच्या तळाला तेल, तेलावर सुंभाचे तुकडे एकाच दिशेने ओळीने मांडलेले, वरून काँक्रीट. दुसऱ्या दिवशी साचा ठोकून लादी सोडवायची, पालथी करायची, की वरच्या अंगाला सुंभाचे पीळ उमटलेले. काही साच्यांत फणसाची पानं, शिरा वर येतील अशी. काहींमध्ये खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपा, गोल पाठ वर राहील अशा. आणि एक लादी होती जिच्यात तुम्ही जाड दोर गोल गोल गुंडाळून ठेवला होता, बोटीवर ठेवतात तसा. ती घोटून घोटून गुळगुळीत केलीत. मांजरं येऊ नयेत म्हणून तुम्ही रात्री साच्यांवर माझी जुनी मच्छरदाणी टाकत होतात, तीही मला न विचारता.

मी येता-जाता टोमणे मारायचो. "काय नाना, प्रदर्शन कधी? तिकीट किती?" रंगावरून तर आपलं मोठंच वाजलं. मी म्हणत होतो, सिमेंटमध्ये लाल रंग घाला, जांभ्यासारखी दिसेल, आपल्या मातीत शोभेल. तुम्ही ढिम्म.

"रंग कोणास बघायचाय?"

"अहो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना!"

"येणारे-जाणारे पुढल्या दारी येतात. ही मागली वाट आहे."

मी तणतणत उठून गेलो. त्या भांडणाचा निकाल लागायचा राहिला आहे, नाना. मी अजून म्हणतो, लाल शोभली असती.

फणसापर्यंतच्या लाद्या बसल्या त्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत आणि तुमचा पंचा माझ्या डोळ्यांवर बांधलात. मला वाटलं, खेळ आहे. मी आंधळ्या राजाचं सोंग घेतलं, हात पसरले, "कुठे आहे माझं राज्य!" म्हणून गर्जना केली आणि दुसऱ्याच पावलाला केळीत शिरलो.

"हातांनी नाय रे बघायचं," तुमचा आवाज मागून आला. "पायान बघ. पायान!"

मी थांबलो. पाय टेकवला. सुंभाचे पीळ तळव्याखाली उभे लागत होते, चालायच्या दिशेने. मी त्यांच्यावरून पाय पुढे सरकवला. परत तेच. म्हणजे सरळ. मी चालायला लागलो, नाना, आणि माझं नाटक कधी बंद झालं ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने पायाखाली पानाच्या शिरा आल्या, एका बाजूला झुकलेल्या. मी त्या बाजूला वळलो. अंगाला फणसाची गार सावली लागली. मग गोल गोल शिंपा. मी थबकलो. पुढे पाय टाकला तर पायरी होती.

त्या अंधारात उभा राहिल्यावर मला तुमची ती जुनी गोष्ट आठवली. बोटीवर काळ्याकुट्ट रात्री समोर काही दिसत नाही, पण डेकवर अनवाणी उभं राहिलं की बोट कुठे वळतेय ते तळव्यांना आधी कळतं. ही गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितली होती की मी गावच्या उत्सवात तुमची नक्कल करून टाळ्या घ्यायचो. आणि तुम्ही ती गोष्ट खरोखरची वापरलीत. अख्खी वाट तळव्यांसाठी लिहिलीत, जशी एखाद्याने पत्र लिहावं.

मी पंचा काढला. तुम्ही पायरीवर बसला होतात.

"काकींना...?" आत असलेल्या तुमच्या बायकोच्या दिशेने मान करून मी विचारलं.

"काचबिंदू," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "गेलेली नजर परत येत नाय म्हणाले डॉक्टर. राहिलीय तीही चाललीय. ती मला सांगत नाय, मी तिला विचारत नाय."

"पण का? एवढं काय लपवायचं?"

"तिने कबूल केलंन तर प्रशांत तिला ठाण्यास नेणार. पोराचं चुकत नाय, मायेने नेईल. पण तिथे वरच्या मजल्यावर बसून ती करणार काय? लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी विहिरीवर जाते. पंप आला, नळ आला, तरी देवाचं पाणी स्वतःच्या हाताने ओढते. एवढं एक चालणं आहे तिचं. ते गेलं की ती बसली." मग माझ्याकडे बोट रोखून म्हणालात, "तिला सांगायचं नाय. ही माझी हौस आहे. कळलं?"

त्या क्षणी मी तुम्हाला काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर बडबड करणारा मी. जिभेवर आलं ते एवढंच, "नाना, केळ मोडली तुमची." तुम्ही म्हणालात, "बघितलं." राहिलं ते राहूनच गेलं.

त्यानंतर मला आणखी एक गोष्ट उलगडली. तुमचा खोकला. घरात शिरताना, परसातून येताना तुम्ही सारखा घसा खाकरायचात. वैशालीने त्यावर तुम्हाला महिनाभर अडुळशाचा काढा पाजला आणि तुम्ही तो निमूट प्यायलात. घशाला काही नव्हतंच. तुम्ही कुठे उभे आहात हे काकींना न विचारता कळावं म्हणून तो खोकला होता. एवढा कडू काढा! मी असतो तर पहिल्याच घोटाला सगळं कबूल करून टाकलं असतं.

आणि तो प्रसंग. आपण दोघे लाद्यांवर पाणी मारत होतो आणि काकी मागच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. रंगावरून झालेलं आपलं भांडण त्यांनी आतून ऐकलं असणार. त्या उताराकडे तोंड करून कौतुकाने म्हणाल्या, "लाल रंग छान शोभला हो!"

लाद्या चुलीतल्या राखेसारख्या करड्या होत्या.

माझ्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. तुम्ही मात्र क्षणभरही अडखळला नाहीत. "होय तर! दिग्याची निवड. मी नको म्हणत होतो."

"त्याचंच ऐकत जा," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या.

तुम्ही मला ते भांडण काकींपुरतं जिंकू दिलंत, नाना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही अशा वेळी की मला आनंदही करता येईना. मी तिथे उभा राहून एका घरात दोन माणसं एकमेकांना किती सांभाळून फसवू शकतात ते बघत होतो. देवळात गेल्यावर होतं तसं काहीतरी झालं मला. मी देवळात फारसा जात नाही, पण होत असेल तर असंच होत असेल.

तुम्ही गेलात तेव्हा शेवटच्या लाद्या गोणपाटाखाली ओल्या होत्या. विहिरीजवळच्या. पाणी ओढताना उभं राहायची गुंडाळलेल्या दोराची लादी आणि कठड्याअलीकडचा शिंपांचा रुंद पट्टा तुम्ही आधीच बसवून ठेवला होतात. शिंपा लागल्या की थांबायचं, पुढे विहीर. राहिला होता तो फक्त मधला तुकडा. घरात माणसं भेटायला येत होती आणि मी परसात गोणपाटावर पाणी मारत होतो. एकाने विचारलंच, "दिगू, काय पेरलंस?" काय सांगणार? दुपारी काकी आत पडलेल्या असताना मी एकेक लादी उचलून खाली नेली. लेव्हल लावली, रेती दाबली, सुंभाचे पीळ तुमच्यासारखेच उभे ठेवले. वरून बघितलं तर तुमची कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, ओळखू येत नव्हतं. मी स्वतःवर खूश झालो.

बाराव्याचं सगळं आटोपल्यावर प्रशांतने मला ओट्यावर गाठलं. चांगला पोरगा आहे तुमचा. डोळे सुजलेले होते.

"दिगूदादा, आईला मी उद्या नेतोय. तिला दिसत नाही. ती बोलत नाही, पण काल माझ्या हातात वाटी देताना तिने ती हवेत सोडली. आणि मागे विहीर आहे. मी तिथे बसून रोज सकाळी काय विचार करू, सांग?"

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच कठीण होतं. तुम्हाला दिलेलं वचन माझ्या तोंडात बसलं होतं. मी एवढंच म्हटलं, "सकाळी ती विहिरीवर जाईल तेव्हा नुसता उभा राहा. हात लावू नकोस. त्यानंतर ने."

"ती पडली तर?"

"तर मला शिव्या घाल."

म्हणालो खरा. पण पहाटे उठून मी तुमच्या परसात यायला निघालो आणि दोनदा मागे फिरलो. उत्सवातल्या नाटकात हजार माणसांसमोर मुकुट चढवून उभा राहतो मी, तेव्हा कधी मागे फिरलो नाही. वाट पुरी झाल्यापासून सुतकात देवाचं पाणी बंद होतं, तिच्यावरून ती एकटी खालपर्यंत गेलेली आम्ही कोणी बघितली नव्हती. तुम्हीही नाही.

काकी बाहेर आल्या. हातात कळशी, पाय अनवाणी. मागच्या पायरीवर त्या क्षणभर थांबल्या. तुमच्या खाकरण्याची वाट बघत होत्या की काय, कोण जाणे. मग उतरल्या.

प्रशांत झेपावला, मी त्याचं मनगट धरून ठेवलं. आम्ही दोघे गडग्याशी उभे. आणि नाना, ती चालत गेली हो! चाचपडत नाही, भिंत धरत नाही. भरल्या घरात बाई माजघरातून स्वयंपाकघरात जाते तशी. सुंभावरून सरळ. पानांच्या शिरा लागल्या तशी फणसाला वळसा घालून वळली, फांदीपाशी डोकंही वाकवलं नाही, कारण वाट तुम्ही फांदीपासून तेवढी दूर घेतली होती. शिंपांवर थांबली, पायरी उतरली. तिची पावलं तुमच्या हाताने ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर पडत होती आणि प्रत्येक वस्तू तिच्याशी बोलत होती. मी तुम्हाला ऐकत होतो, नाना. खाकरल्याशिवाय.

प्रशांतचं मनगट माझ्या हातात सैल पडलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो पुसत नव्हता.

मग विहिरीच्या अलीकडे ती एकदम थांबली. एक पाऊल मागे घेतलं. पुन्हा त्याच लादीवर टेकवलं, दाबलं. लादी किंचित डुगडुगली. टाचेने पुन्हा दाबलं. आता घाबरली, आता हाक मारणार, आता संपलं सगळं. आम्ही दोघांनी चकार शब्द काढला नव्हता, तरी तिने मान वळवून बरोबर माझ्याच दिशेला तोंड केलं आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"दिगू! ही लादी ह्यांची नव्हे रे, ही तू बसवलीस!"